घरच्या मिरच्या नेमक्या कधी तोडायच्या: हिरव्या, ढोबळ्या आणि लाल

कुंडीत मिरचीचं रोप जगवणं आता बऱ्याच जणांना जमतं. रोप जोमदार होतं, फुलं येतात, मिरच्याही धरतात. घोळ होतो तो तोडणीला. लांबी दिसली की लगेच तोडलेली मिरची पाणचट निघते, तिला गवतासारखा वास येतो आणि दोष बियाण्याला दिला जातो. काही जण उलट करतात. झाडावर शोभून दिसतात म्हणून मिरच्या आठवडेच्या आठवडे राखतात, मग झाड नवी फुलं धरेनासं होतं आणि दोष खतावर जातो.

दोन्ही चुकांचं मूळ एकच आहे. मिरचीची लांबी आधी पूर्ण होते, भर नंतर पडते आणि रंग त्याच्याही नंतर चढतो. डोळ्यांना पहिली गोष्ट लगेच दिसते, बाकीच्या दोन हाताने आणि सुरीने तपासाव्या लागतात. खालचे टप्पे याच क्रमाने घ्या, मधला गाळू नका.

टप्पा १: वाण कोणतं आणि मिरची कशासाठी, हे आधी ठरवा

"तयार मिरची" अशी एकच अवस्था नसते. फोडणीला तयार झालेली मिरची तिखट करायला कच्ची असते, आणि तिखटाला योग्य झालेली मिरची भज्यांच्या कामाची राहिलेली नसते. म्हणून पहिलं फूल यायच्या आत उपयोग ठरवून टाका.

- रोजची फोडणी, ठेचा, खर्डा: पूर्ण भरलेली, कडक हिरवी मिरची.
- भजी आणि भरली मिरची: भावनगरीसारखी जाड, पोपटी मिरची. ही मात्र जरा आधीच तोडायची, कारण साल निबर झालं की तळल्यावरही चिवट लागतं.
- सांडगी मिरची आणि हिरव्या मिरचीचं लोणचं: पूर्ण भरलेली, पण रंग बदलायला लागलेली नाही अशी. कोवळी घेतली तर चीर देताना फाटते आणि वाळल्यावर नुसतं साल हाती येतं.
- रंजका किंवा लाल मिरचीचा ठेचा: देठापासून टोकापर्यंत लाल, पण अजून ताठ.
- वाळवून तिखट: लाल होऊन झाडावरच किंचित सुरकुतलेली.

वाण माहीत असणंही तितकंच गरजेचं आहे. ज्वाला मिरची मुळातच फिकट हिरवी आणि वेडीवाकडी असते. ती गर्द हिरवी होईल म्हणून वाट पाहणारे थेट लाल मिरची बघतात. लवंगी बोटाच्या पेराएवढीच राहते, ती मोठी होण्याची वाट पाहण्यात अर्थ नाही. ब्याडगी लावतात ती रंगासाठी. तिचा तिखटपणा बेताचा असतो आणि रंग पिकल्याशिवाय येत नाही, त्यामुळे ती हिरवी तोडून खाणं मला तरी नासाडीच वाटते. संकेश्वरी आणि गोव्यातल्या काणकोणची खोला मिरचीही लाल करून वाळवण्यासाठीच लावावी.

> तपासा: प्रत्येक कुंडीत वाणाच्या नावाची पट्टी खोचली आहे का? दोन महिन्यांनी सगळी रोपं सारखीच दिसतात.

टप्पा २: दिवस कुठून मोजायचे

इथे फार गफलत होते. बियाण्याच्या पाकिटावर "६५ ते ७५ दिवस" असं लिहिलेलं असतं, ते बहुतेक वेळा रोप मोठ्या कुंडीत लावल्या दिवसापासून धरलेले असतात, बी पेरल्यापासून नव्हे. बी पेरून लावणीजोगं रोप व्हायलाच ५ ते ६ आठवडे जातात. हे लक्षात न घेता दिवस मोजले तर आपली मिरची महिनाभर मागे पडलीय असं वाटतं, आणि मग नको तेव्हा खत ओतलं जातं.

साधारण अंदाज असा धरा. रोप लावल्यापासून दीड महिन्याच्या आसपास फुलं, आणि दोन ते अडीच महिन्यांत हिरव्या मिरचीचा पहिला तोडा. ढोबळीला याहून दोन-तीन आठवडे जास्त लागतात. हवामान, कुंडीचा आकार आणि ऊन यांमुळे हे पुढे-मागे होतंच.

तारखेपेक्षा उपयोगी पडतो तो धागा. फुलाच्या पाकळ्या गळून वाटाण्याएवढी मिरची दिसली की तिच्या देठाजवळच्या फांदीला रंगीत लोकरीचा तुकडा सैल बांधा. पहिल्या आठवड्याच्या फळांना एक रंग, पुढच्या आठवड्याच्या फळांना दुसरा. तिखट मिरचीला तिथून साधारण ३ ते ५ आठवड्यांत हिरवी पक्वता येते. ढोबळीला ५ ते ७ आठवडे लागतात. प्रत्येक फळाला बांधायची गरज नाही, झाडामागे तीन-चार धागे पुरतात. एकदा आपल्या गच्चीवरचा हिशोब कळला की पुढच्या हंगामात धागेही लागत नाहीत.

टप्पा ३: पहिली फळं राखू नका

मिरचीच्या झाडाची वाढ बेचक्याबेचक्याने होते. शेंड्याला फांदी फुटून दोन होतात, त्या बेचक्यात फूल येतं. मग त्या दोन फांद्यांना पुन्हा बेचकी आणि पुन्हा फुलं. सगळ्यात खालच्या, पहिल्या बेचक्यातलं फळ रोप लहान असतानाच धरलेलं असतं. ते लाल होईपर्यंत राखलं तर रोपाची ताकद त्या एका मिरचीत जाते आणि वरच्या फांद्या खुरटतात.

ढोबळीत हे फार जाणवतं. पहिल्या बेचक्यातलं ढोबळीचं फूल कळी असतानाच खुडून टाका. तिखट मिरचीत फूल राहू द्या, पण पहिल्या दोन-चार मिरच्या खाण्याजोग्या झाल्या की हिरव्याच तोडा. पहिलं फळ म्हणून मन होत नाही, हे मला कळतं. पण हा पहिला तोडा वेळेवर झाला की पंधरा दिवसांत झाडावर फुलांची गर्दी होते.

> इशारा: रोप हातभरही उंच नाही, पानं फिकट आहेत आणि तरी मिरच्या लागल्या आहेत, अशा वेळी पक्वतेची वाट बघूच नका. सगळ्या उतरवा आणि आधी रोप सुधारा.

टप्पा ४: हिरवी मिरची तयार झाली का? चार चाचण्या

या चाचण्या एकेकट्या फसवतात. चारपैकी तीन जुळल्या तरच तोडा.

लांबी थांबली का. धागा बांधलेली मिरची आठवडाभर आहे तेवढीच दिसतेय का, बघा. वाढ थांबली म्हणजे भर पडायला सुरुवात झाली. तोडायची वेळ अजून झालेली नाही. इथून पुढे आणखी आठ-दहा दिवस जाऊ द्या.

साल कसं दिसतं. कोवळ्या मिरचीचं साल मंद, किंचित पारदर्शक असतं. उन्हाकडे धरली तर आतल्या बियांची सावली दिसते. भरलेल्या मिरचीला चकाकी येते, रंग त्या वाणापुरता गडद होतो आणि आरपार काही दिसत नाही.

दाबून बघा. अंगठा आणि तर्जनीत मधोमध धरून हलकं दाबा. कोवळी मिरची दबते आणि दबलेलीच राहते. तयार मिरची दाब परतवते. ढोबळीसारख्या जाड सालीच्या वाणात तर बोट अडतंच.

देठ बघा. मिरचीच्या डोक्यावरची हिरवी टोपी आणि फळ यांच्यामधला सांधा कोवळेपणी मऊ असतो. फळ भरलं की देठ कडक होतो. मिरची वर उचलली की देठ बेचक्यापाशी सहज सुटायला बघतो.

यानंतर शेवटची खात्री करायची ती सुरीने. प्रत्येक वाणाची एक नमुना मिरची तोडा आणि लांबीत उभी चिरा. आत काय दिसतं त्यावर सगळं कळतं. बिया पांढऱ्या, सपाट आणि नखाने दाबल्या तर पाणी सोडणाऱ्या असतील तर मिरची कोवळी आहे, झाडावरच्या तिच्या बरोबरीच्यांना हात लावू नका. बिया फुगीर, घट्ट, सायीच्या रंगाच्या झाल्या असतील तर हिरव्या तोड्याची वेळ झाली. बिया पिवळसर, टणक आणि मधला गाभा तुटायला लागला असेल तर हिरव्या मिरचीची वेळ टळत आली आहे. मग सांडगी किंवा लोणच्याचा विचार सोडा आणि ती लाल होऊ द्या.

चिरलेल्या मिरचीतली पांढरी शीर नीट बघा. तिखटपणा बियांत नसतो, तो या शिरेत तयार होतो. बियांना तो नुसता लागून असतो. फळ धरल्यावर साधारण तिसऱ्या आठवड्यापासून कॅप्सेसिन, म्हणजे तिखटपणा देणारं द्रव्य, साठायला लागतं आणि पुढचे तीन-चार आठवडे वाढत जातं. "आमच्या मिरच्या तिखटच होत नाहीत" ही तक्रार असेल तर बियाणं बदलण्याआधी एक तोडा दहा दिवस उशिरा करून बघा. निम्म्याहून जास्त तक्रारी तिथेच मिटतील असं मला वाटतं. पाण्याचाही यात भाग आहे. कुंडी सतत चिंब ठेवली तर मिरची सौम्य होते. तोड्याआधी दोन दिवस पाणी जरा हात आखडून घाला. झाड कोमेजेल इतकं पाणी मात्र तोडू नका.

> इशारा: हिरव्या मिरचीवर जांभळट-काळा पट्टा दिसला की लगेच कुजली असं समजू नका. कडक ऊन किंवा थंडी लागली की काही वाणांत असा रंग चढतो, आणि लाल व्हायच्या आधीही मिरची अशी काळवंडते. बोट फिरवा. साल गुळगुळीत आणि कडक असेल तर मिरची निरोगी आहे. डाग खोलगट, मऊ, गोल कड्यांचा असेल तर ती फळकूज आहे. ती मिरची तोडून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको.

टप्पा ५: ढोबळी मिरचीचं वेगळं गणित

हिरवी, पिवळी आणि लाल ढोबळी ही तीन वेगळी झाडं असतात, असा समज अजून पक्का आहे. पिवळ्या आणि लाल वाणांची फळंही आधी हिरवीच असतात, पिकल्यावर त्यांचा रंग येतो. बाजारात मिळणारी हिरवी ढोबळी म्हणजे न पिकलेलीच. त्यामुळे पिवळ्याचं बी लावलं आणि हिरवी फळं आली म्हणून फसवणूक झाली असं समजू नका, थांबा.

हिरवी तोडायची असेल तर चारही खांदे वर आलेले हवेत. कोवळ्या ढोबळीचे खांदे देठाजवळ उतरते असतात, भरल्यावर ते देठाच्या वर उचलले जातात आणि देठ खळग्यात बसल्यासारखा दिसतो. टिचकी मारली तर पोकळ, घट्ट आवाज येतो. रंगीत हवी असेल तर हिरव्या पक्वतेनंतर आणखी २ ते ४ आठवडे धरा.

ते चार आठवडे झाडाला महाग पडतात. १२ ते १४ इंची कुंडीतल्या झाडावर एका वेळी चार-पाचहून जास्त फळं रंगासाठी ठेवू नयेत. बाकीची हिरवी असतानाच काढा. पश्चिमेच्या उन्हाकडे तोंड असलेल्या फळावर पांढरा, कागदासारखा चट्टा पडला तर ते उन्हाने भाजलं आहे, ते फळ रंगणार नाही. लगेच तोडा, भाजलेला भाग कापून उरलेलं भाजीला घ्या.

आणखी एक भीती दूर करतो. ढोबळीशेजारी लवंगी लावली म्हणून या वर्षीची ढोबळी तिखट होत नाही. परागाची सरमिसळ झाली तर ती बियांत उतरते. म्हणजे त्या बिया पुढच्या वर्षी लावल्या तर झाड काय देईल ते सांगता येत नाही.

टप्पा ६: लाल होऊ द्यायच्या तर किती आणि कधीपर्यंत

हिरवी पूर्ण भरलेली मिरची लाल व्हायला साधारण २ ते ४ आठवडे घेते. रंग एका दिवसात चढत नाही. आधी हिरव्यावर तपकिरी, चॉकलेटी झाक येते, मग एका बाजूने लाली पसरते आणि टोपीजवळचा भाग बहुधा शेवटी रंगतो. टोपीखाली हिरवा कंगोरा असेपर्यंत मिरची पूर्ण पिकलेली नसते.

रंग अडतो तो मुख्यतः तापमानामुळे. दिवसा २० ते ३० अंशांच्या मध्ये लाली छान चढते. डिसेंबर-जानेवारीत नाशिक-पुण्याकडच्या थंड रात्री रंग लांबवतात. तेव्हा कुंडी भिंतीच्या उबेला, सकाळच्या उन्हात सरकवा. विदर्भ-मराठवाड्यात एप्रिलपासून उलटी अडचण होते. ३५ अंशांच्या वर फुलगळ होते, नवी फळं धरत नाहीत. त्या वेळी झाडावर जे आहे ते लाल करून घेणं शहाणपणाचं, कारण तोडलं तरी नवी फुलं टिकणार नाहीतच.

एरवी मात्र लाल मिरच्या झाडावर राखण्याची किंमत आहे. आतलं बी पिकलं की झाडाचं काम झालं, ते नव्या फुलांवर ताकद घालवत नाही. दोन झाडं असतील तर एक हिरव्या तोड्याला आणि एक लालीला, अशी वाटणी करा. एकच झाड असेल तर खालच्या एक-दोन फांद्या लालीसाठी सोडा आणि वरच्या हिरव्या तोडत राहा. अर्धं हे आणि अर्धं ते अशी सगळ्या झाडभर सरमिसळ केली की धड काहीच हाती लागत नाही.

अर्धवट रंगलेली मिरची तोडली तर काय? निम्म्याहून जास्त लाल झालेली मिरची घरात, उन्हापासून दूर, कागदी पिशवीत ठेवली तर पाच-सात दिवसांत उरलेला रंग धरते. पूर्ण हिरवी मात्र टोमॅटोसारखी घरात पिकत नाही, बहुतेक वेळा नुसती सुरकुतते. हिरव्या मिरच्या तोडून खिडकीत लाल होण्याची वाट बघणारे पुष्कळ आहेत, त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं.

> इशारा: परतीचा पाऊस किंवा अवकाळीचा अंदाज असेल तर रंग धरलेल्या सगळ्या मिरच्या आदल्या दिवशी काढा. लाल मिरचीचं साल पावसात तडकतं आणि फळकूज सगळ्यात आधी लाल फळांवरच बसते. हिरव्या राहू द्या, त्यांना इतका धोका नसतो.

टप्पा ७: प्रत्यक्ष तोडा

सकाळी दव वाळल्यावर, साधारण आठ ते दहाच्या मध्ये तोडा. ओल्या मिरच्या डब्यात गेल्या की चौथ्या दिवशी बुरशी धरतात. भर दुपारी तोडलेल्या मिरच्या तापलेल्या असतात आणि लवकर मरगळतात.

फवारणी केली असेल तर आधी तारीख बघा. रासायनिक औषधाच्या बाटलीवर फवारणी आणि तोडणी यांमध्ये किती दिवस सोडायचे ते लिहिलेलं असतं. ते पूर्ण झाल्याशिवाय एकही मिरची घरात न्यायची नाही. चुरडा-मुरडा (पानं आक्रसून वळणारा रोग) आला म्हणून घाईत कुणी सुचवलेलं औषध मारलं आणि दोन दिवसांनी त्याच मिरचीचा ठेचा केला, असं कृपा करून होऊ देऊ नका. नीमतेल मारलं असेल तरी दोन-तीन दिवस थांबा आणि धुऊन घ्या, नाहीतर कडवट वास राहतो.

आता हात कसा चालवायचा. एका हाताने बेचक्याखालची फांदी धरा, दुसऱ्या हातात लहान कात्री. देठ मिरचीला ठेवून, बेचक्यापासून थोडं अंतर सोडून कापा. मिरची धरून खाली ओढली की तीनपैकी एक गोष्ट होते: टोपी झाडावर राहून मिरचीच्या डोक्याला भोक पडतं, देठासकट साल सोललं जातं, किंवा अख्खी फांदी बेचक्यात चिरते. तिसऱ्या प्रकारात फक्त एक मिरची जात नाही, त्या फांदीवर पुढे येणारे सगळे तोडे जातात. ढोबळीच्या फांद्या तर काचेसारख्या मोडतात, तिला कात्रीशिवाय हातच लावू नये. कात्री नसेल तर लवंगी-ज्वालासारख्या मिरच्या वरच्या दिशेने उचलून, देठाला नख लावून खुडा.

हिरव्याचा तोडा ८ ते १० दिवसांनी, लालीचा १० ते १५ दिवसांनी. तोड्याच्या दिवशी पानांखाली दडलेल्या मिरच्या हुडकून काढा. प्रत्येक झाडावर एखादी निबर होऊन लाल पडत असते आणि तीच पुढची फुलं अडवते.

> तपासा: भोक पडलेली, किड्याची विष्ठा दिसणारी किंवा टोकाला काळपट-तपकिरी चामडं झालेली मिरची वेगळी काढली का? टोकाचा तो काळा भाग पाणी कधी फार, कधी कमी पडल्याने येतो. फळाला चुना, म्हणजे कॅल्शियम, नीट पोचत नाही. पाणी नियमित केलं की पुढची फळं सुधारतात.

तोडा झाल्यावर कुंडीला पाणी आणि कुंडीमागे एक-दोन मुठी गांडूळखत द्या. युरियासारखं नत्र या वेळी नको. त्याने पानं माजतात आणि फुलं रोडावतात.

टप्पा ८: हात, डबा, फ्रीज

लवंगी किंवा तिखट मिरच्या हाताळताना हातमोजे घाला. हातांची आग नुसत्या पाण्याने जात नाही, कारण कॅप्सेसिन पाण्यात फारसं विरघळत नाही. आधी हाताला खाद्यतेल चोळा, मग साबणाने धुवा. तोंडातली आग शमवायला दही किंवा दूध घ्या.

साठवणीच्या मिरच्या धुऊ नका. रोज वापरायच्या तेव्हा धुवा. तीन-चार दिवसांत संपणार असतील तर देठासकट ठेवा. जास्त दिवस टिकवायच्या तर देठ काढा, कारण कुज बहुधा ओल्या टोपीपासून सुरू होते. देठ काढताना मिरचीला भोक पडणार नाही हे बघा. डब्याच्या तळाला कोरडा कागद, वर मिरच्या, त्यांच्यावर पुन्हा कागद, आणि डबा भाजीच्या कप्प्यात. कागद दमट झाला की बदला. अशा मिरच्या दोन-तीन आठवडे राहतात. फ्रीजच्या सगळ्यात थंड कोपऱ्यात ठेवू नका, फार थंडीने सालीवर खड्डे पडतात. लाल मिरच्या जास्त असतील आणि वाळवायला ऊन नसेल तर पुसून, पिशवीत घालून सरळ फ्रीजरमध्ये टाका. ठेच्याला आणि रश्श्याला चालतात. चिरून कोशिंबिरीत घालायला मात्र नाही, कारण त्या मऊ पडतात.

टप्पा ९: तिखटासाठी वाळवण

इथे घाई केली तर वर्षभराचं तिखट जातं. पूर्ण लाल झालेल्या मिरच्या झाडावर आणखी थोडे दिवस सोडा. सालीवर बारीक सुरकुती आली, ताठपणा गेला की तोडा. अशा मिरचीतलं पाणी आधीच कमी झालेलं असतं, ती लवकर वाळते आणि रंग टिकतो. ताठ, रसरशीत मिरची उन्हात घातली तर बाहेरून वाळते आणि आत बुरशी धरते. ती बुरशी बाहेरून दिसत नाही.

तोडल्यावर दोन दिवस घरातच, सावलीत पसरा. कंगोऱ्याला राहिलेला हिरवा भाग तेवढ्यात लाल होतो. मग स्वच्छ चादरीवर किंवा ताडपत्रीवर एकेरी थरात उन्हात घाला, जमिनीवर थेट नको. दुपारी एकदा हलवा. संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घ्या. रात्री बाहेर राहिलेल्या मिरच्यांवर पांढरट चट्टे येतात आणि त्या दमटतात. कडक ऊन असेल तर पातळ सालीच्या मिरच्या आठ-दहा दिवसांत वाळतात, जाड सालीच्या आणखी घेतात. १ किलो ओल्या लाल मिरचीतून साधारण पाव किलो वाळलेली मिळते, त्यामुळे दोन-तीन कुंड्यांतून वर्षाचं तिखट निघेल ही अपेक्षा ठेवू नका. एखाद्या चटणीपुरतं निघतं, आणि ते फार चांगलं असतं.

वाळली की नाही, याच्या दोन खुणा. कानाजवळ धरून हलवली तर आत बिया खुळखुळतात. आणि वाकवली की मिरची दुमडत नाही, कडकन मोडते. दुमडली तर आणखी दोन उन्हं द्या. मोडलेल्या चार-पाच मिरच्यांच्या आत डोकावून बघा. काळसर किंवा करडा केसाळ थर दिसला तर ती मिरची फेका, भाजून वापरायचा मोह नको. बुरशीचं विष भाजल्याने जात नाही.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात उन्हाचं वाळवण जमत नाही. तिथे तिखटासाठी झाडं अशी लावा की लाली नोव्हेंबर ते मार्च या काळात येईल, म्हणजे जुलै ते सप्टेंबरमध्ये रोप कुंडीत गेलेलं हवं.

टप्पा १०: बियाण्यासाठी एक-दोन मिरच्या

दुसऱ्या किंवा तिसऱ्या तोड्याच्या वेळी निरोगी झाडावरची, वाणाच्या आकाराला धरून असलेली मिरची निवडा आणि तिला वेगळ्या रंगाचा धागा बांधा, म्हणजे घरचं कुणी तोडणार नाही. ती झाडावरच पूर्ण लाल होऊन सुरकुतू द्या. बी काढून सावलीत वाळवा, उन्हात नको. संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या पिढीत गुण फुटतात, म्हणजे झाडं मूळ वाणासारखी निघत नाहीत. चुरडा-मुरडा आलेल्या झाडाचं बीही टाळा. बी कागदी पाकिटात घालून पाकिटावर वाण आणि महिना लिहा. कोरड्या, थंड जागी ते दोन वर्षं चांगलं उगवतं, त्यानंतर उगवण घटत जाते.